मृत्यूची वेळ सांगणारी बासी

ती मे महिन्यातली दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. ऊन असं होतं, की ठाण्यासमोर उभ्या जीपच्या बॉनेटवर आमच्या मुन्शीने पापड भाजला आणि मी तो खाल्ला. कुणाला खोटं वाटत असेल त्याने मे महिन्यात रायपूरला यावं. पापड माझ्याकडून.

तीनच्या सुमारास फोन आला. पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे एक गृहस्थ घरात मरून पडले होते. डोक्याच्या मागे जखम होती. फोन करणारा त्यांचा शेजारी. पत्ता सांगायच्या आधी त्याने आरोपी सांगितला.

"साहेब, जावयानं मारलं. काल रात्री पूर्ण पाऱ्यानं भांडण ऐकलं."

पारा म्हणजे मोहल्ला. खबर देणारा गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही घरपोच देतो, तेव्हा आधी त्यालाच खुर्ची द्यावी, हे मी नव्या पोरांना नेहमी शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतः ते विसरलो.

पत्र्याचं घर. मागच्या खोलीत कूलरजवळ मृतदेह उताणा पडलेला, शेजारी आडवी झालेली बादली, फरशी कोरडी. हातपाय लाकडासारखे ताठ. पंचनाम्यात आम्ही ‘अंग पूर्ण ताठ’ असं लिहिलं, मृतदेह शवागारात पाठवला आणि जावयाला संध्याकाळी त्याच्या घरून उचललं.

जावई रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा. मूळ अमरावतीकडचं घराणं, जन्म रायपूरचा. भांडणाचं कारण साधं होतं. त्याची नागपूरला बदली झाली होती आणि सासऱ्याला एकुलती एक पोट्टी दूर पाठवायची नव्हती. आदल्या संध्याकाळी दोघं नवराबायको तिथे जेवायला गेले, आवाज चढले, मुलगी रडत घरी निघून आली. जावई समजूत घालायला मागे थांबला आणि तासाभराने घरी पोहोचला.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं. डॉक्टर तरुण, डोंगराळ भागातून नुकताच बदलून आलेला. इतका थंड प्रदेश, की तिथे चहा कपात ओतेपर्यंत गोठतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. त्याने अहवाल दिला: मृत्यू भांडणाच्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, जेवणानंतर एक-दोन तासांत. डोक्याला बोथट वस्तूचा मार. डॉक्टरने हे हवेतून काढलं नव्हतं. अंग ताठ होतं, पोटात जेमतेम पचायला लागलेलं अन्न होतं, आणि आमच्याच कागदावर लिहिलं होतं, ‘शेवटचं जेवण रात्री नऊ वाजता.’

झालं. रात्री दहाला तिथे कोण होतं? जावई. कोर्टाने तीन दिवसांचा रिमांड दिला.

मी त्याला दोन दिवस विचारलं. मी विचारतो तेव्हा भिंतीसुद्धा कबुलीजबाब देतात, असं आमच्या ठाण्यात बोललं जाई (ही गोष्ट मीच पसरवली होती). तो मात्र एकच वाक्य बोलत राहिला.

"मी निघालो तवा ते कूलरसमोर बसून मले शिव्या देऊन राहिले होते. मेलेला माणूस शिव्या देते का, साहेब?"

त्याची बायको ठाण्याच्या बाकावर येऊन बसे, पण त्याच्याकडे बघत नसे. डबा आणला नाही, पाणी विचारलं नाही. तिला आमचा अहवाल कळला होता आणि तो तासाभर मागे थांबला होता हे तर तिनेच आम्हाला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केस डायरी लिहायची होती. आमच्या महिला प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, अहवालातले तपशील मोठ्याने वाचत होत्या. बाई मूळच्या धमतरीकडच्या. वाचता वाचता थांबल्या.

"भात, पाण्याचा अंश जास्त, कच्चा कांदा, दह्याचा वास. साहेब, ये तो बासी हे."

"मग?"

"रात के बासी कोन खाथे?"

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-दह्याबरोबर खायचा. छत्तीसगडात उन्हाळ्यात घरोघरी हेच चालतं, आणि तीन पिढ्या इथे काढलेली आमची मराठी घरंही तेच खातात. मी स्वतः लहानपणापासून इतकी बासी खाल्ली आहे, की साठवली असती तर तेलीबांधा तलाव भरला असता. तरीही अहवालात ‘भात’ वाचून मी पुढे गेलो होतो. डॉक्टरने बासी कधी पाहिलीच नव्हती.

मी मुलीला आत बोलावलं. "रात्री काय जेवले होते बाबा?"

"पोळ्या अन् वांग्याची भाजी. मीच केली होती."

"भात?"

"भात तर सकाळच्या बासीसाठी भिजवून ठेवते ते. सकाळी नऊ-साडेनऊला खाते."

पोटात ना पोळी, ना वांगं. म्हणजे रात्रीचं जेवण पचून पुढे सरकलं होतं, आणि माणूस सकाळी नऊनंतर, बासी खाल्ल्यावर मेला होता. जावई त्या वेळी कुठे होता? पहाटे पाच ते दुपारी एक यार्डात, हजेरीवर सही.

मी डॉक्टरला फोन केला. त्याने आपला अहवाल पुन्हा काढला. मग म्हणाला, प्रेत जिथे पडलं होतं तिथे तापमान किती होतं, हे तुमच्या कागदात नाही. इतक्या उष्म्यात ताठरपणा फार लवकर येतो आणि लवकर ओसरतोही. आणखी एक गोष्ट त्याला खटकत होती. डोक्याच्या जखमेभोवती रक्तस्राव अगदी थोडा होता, जणू डोकं आपटलं तेव्हा हृदय थांबतच आलं होतं. आणि उजव्या तर्जनीवर एक फिकट, कडा उचललेला बारीक खळगा होता. जुनी भाजल्याची खूण समजून त्याने नोंद केली होती, पण शंका म्हणून तेवढी त्वचा जपून ठेवली होती.

तर्जनी, कूलर, आडवी बादली. मी पंचनाम्याचे फोटो काढून बसलो. कूलरच्या मोटरला जोडलेली तारच नव्हती. रायपूरमध्ये, मे महिन्यात, माणूस एक वेळ श्वासाशिवाय राहील, कूलरशिवाय नाही. म्हणजे तार नंतर कुणीतरी काढली होती, आणि आमच्या आधी तिथे गेला होता तो शेजारी.

शेजाऱ्याला आता खुर्ची दिली. चहा दिला. मग गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "भैया, आजकाल शास्त्र फार पुढं गेलं. मेलेल्याच्या बोटावरून प्रयोगशाळा सांगते, करंट कोणत्या खांबावरचा होता."

असलं कुठलंही शास्त्र नाही. शेजाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याने चहाची बशी खाली ठेवली.

"साहेब, तार माझी होती."

"काहून काढली?"

"खांबावर आकडा टाकला होता मी. त्यांच्या घरचा व्होल्टेज कमी राहे, कूलर चाले नाही, म्हणून त्यांनाही तिथूनच लाईन दिली होती. दुपारी गेलो तर ते पडलेले. वाटलं, बिजलीवाले मले धरतील. तार काढली अन् मंग तुमाले फोन केला."

"आणि जावयाचं नाव?"

त्याने मान खाली घातली. "भांडण तर झालंच होतं ना, साहेब."

चालू कूलरमध्ये पाणी भरताना झटका बसला होता आणि पडताना डोकं लोखंडी स्टँडवर आपटलं होतं. त्वचेच्या तपासणीत विजेचीच खूण असल्याचं पुढे प्रयोगशाळेने लेखी कळवलं. शेजाऱ्यावर वेगळा गुन्हा नोंदवला. जावयाला शेजाऱ्याच्या कबुलीच्याच दिवशी दुपारी आम्ही आमच्या अहवालासह कोर्टासमोर उभं केलं आणि त्याची सुटका झाली.

त्यानंतर माझ्या हाताखालून डॉक्टरकडे गेलेल्या प्रत्येक कागदावर चार ओळी जास्त असत: छत पत्र्याचं की सिमेंटचं, कूलर चालू की बंद, शेवटचं काय खाल्लं, आणि हे कुणी सांगितलं. सहकारी हसायचे. डॉक्टर कधी हसले नाहीत.

पण मला मिळालेला खरा धडा त्या चार ओळींचा नव्हता. शवविच्छेदनाचा अहवाल कोर्टासाठी असतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. सुटका झाल्यावर जावई कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आला.

"तिले तुमीच सांगा, साहेब. माझ्यावर तिचा भरोसा नाही राहिला."

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं: वेळ, तार, बोट, हृदय. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हणजे सकाळी जेवले होते बाबा?"

"हो."

"रागानं उपाशी नाही ना गेले?"

"नाही. बासी, कांदा, दही. पोटभर."

ती पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. मग नवऱ्याजवळ जाऊन, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चाला. तीन दिवसांचे उपाशी असान."