मामांनी बोलावलेली सभा

ज्याला फसवता येणार नाही असा माणूस उभ्या बारामती तालुक्यात एकच, माझ्या बायकोचे मामा. आणि ते फसले कसे, हे मला अजून उमगलेलं नाही. पणदऱ्यात त्यांचा ऊस आणि दोन म्हशी. कलिंगड घेतलं तर दुकानदाराच्या काट्यावर, मग शेजारच्याच्या काट्यावर आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत दरवर्षी ते अहवाल काखेत मारून उभे राहतात आणि "पान नंबर सतरा" म्हणाले की व्यासपीठावरची मंडळी आधी पाणी पितात. दरवर्षी सतराव्याच पानावर त्यांना काहीतरी सापडतं, ते कसं, हेही मला ठाऊक नाही.

असा माणूस मोबाइलवरच्या गुंतवणुकीच्या एका अ‍ॅपमध्ये शिरला. खाली माणसं जोडली की पैसे वाढतात म्हणे. मामांनी दोघांना जोडलं: गावचा दूधवाला आणि निमगाव केतकीची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई. सासूबाईंनी तर डाळिंबाचे सगळे पैसे घातले. हे कळल्यावर मी धावत गेलो. म्हटलं, "मामा, ही साखळी आहे. खालच्यांचे पैसे वरच्यांना देतात."

मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, कारखाना काय येगळा हाय? आमीबी शेअर घेतलं, गावात सभासद जोडलं, तवा धुराडं उभं ऱ्हायलं."

"पण इथं धुराडं कुठंय?"

"त्ये सभंत इचारू की."

मी बँकेत नोकरी करतो, तरी परतताना आपलंच चुकतंय असं वाटू लागलं.

मामा अ‍ॅपवरच्या 'सरां'ना विचारत राहिले, सभा कधी, अहवाल कधी, सभासदांची दिवाळीची साखर कधी? सर अंगठ्याचं चित्र पाठवायचे. मामा तो होकार धरायचे.

मग एक दिवस अ‍ॅप उघडेना. मामांनी आरडाओरडा केला नाही. स्वतःच सभेची नोटीस लिहून दूध डेअरीत लावली, सरांनाही पाठवली. अंगणात चार खुर्च्या मांडल्या. दूधवाला आला, सासूबाई आल्या, मला निमंत्रित म्हणून बसवलं. चौथी खुर्ची वरच्यांची. तासभर वाट बघून मामा त्या खुर्चीत बसले.

"वरचं कुणी आलं न्हाय. तुमी माझ्या खाली, म्हंजे तुमच्या वरचा मीच."

दोन्ही म्हशी विकून आणलेले पैसे त्यांनी दोघांपुढं ठेवले.

"दादा, आन तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं वरचं देतील," मामा म्हणाले आणि खुर्च्या आवरू लागले.

यंदा कारखान्याच्या सभेला मीच त्यांना घेऊन गेलो. अहवाल काखेत तसाच. सतरावं पान आलं, मामा हलेनात. मी कोपरानं ढोसलं.

"इचारून काय," ते हळूच म्हणाले, "उत्तर खरं हाय का न्हाय, ह्ये आता मला वळखू येत न्हाय."

मला फार वाईट वाटलं. मी सभासद नाही, काही नाही; तरी उभा राहिलो आणि "पान नंबर सतरा" म्हणालो. व्यासपीठावरची मंडळी पाणी प्यायली. पुढं काय विचारायचं ते मला माहीत नव्हतं.