दोघांचंही खरं मानणारी मावशी

आमच्या भागात अफवा आहे की पोलिसातल्या माझ्या मावशीला समोरच्याच्या नुसत्या श्वासावरून खोटं कळतं. म्हणे ती तीन मिनिटं टक लावून बघते आणि भलेभले घडाघडा बोलायला लागतात. दूधवाला तर तिला बघून आपणहून सांगतो, आज पाणी जरा जास्त झालंय.

सगळं झूठ. आईची ही धाकटी बहीण एकोणीस वर्षं पोलीस ठाण्यात घरगुती मारहाणीच्या तक्रारी घेते, आणि तिच्याइतकी भोळी बाई मी पाहिलेली नाही. पत्त्यांत मी तिला रोज गंडवते. "माझ्याकडे एक्का नाही गं," एवढंच म्हणायचं. ती मान डोलावते आणि हरते. टक लावून बघते हे खरं, पण ते चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून.

ती सगळ्यांचंच खरं मानते. तिची कामाची पद्धतच ती.

मागच्या महिन्यात एका सोमवारी एक बाई हाताला पट्टी बांधून आली. काल संध्याकाळी सहाला नवऱ्याने घरात हात पिरगळला म्हणाली. मावशी घरी कुणाची नावं सांगत नाही, पण हाताला पट्टी आणि नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, असं जोडपं आमच्याकडे एकच. मावशीने शब्दन् शब्द लिहून घेतला, पाणी दिलं, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली. सूज नाही, ओरखडाही नाही. सोबतचा शिपाई फिसकन हसला. मावशीने त्याला तिथेच झापलं, "प्रत्येक मार दिसतोच का रे? गप लिही."

मग नवऱ्याला बोलावलं. तो रडकुंडीला आलेला. परदेशातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळायची दोन वर्षांची नोकरी लागली होती. रविवारी विमान. शुक्रवारी पोलिसांचा दाखला मिळाला नाही तर नोकरी गेली, आणि गुन्हा नोंदला गेला तर वर कोठडी.

"मॅडम, काल सहाला मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लटकलो होतो. आत एक रिटायर्ड मास्तर अडकलेले."

मावशीने त्याचंही खरं मानलं.

ठाण्याचे साहेब नाकात बोलतात. "अंहो बाई, दोघांतलं एक जण नक्की खोटं बोलतंय."

"असेल साहेब. मला तर दोघंही खरे वाटतात. जाऊन बघून येते."

गेली. लिफ्ट अडकली त्या इमारतीच्या वॉचमनच्या वहीत वेळ होती, पाच चाळीस ते सात दहा. मास्तर घसा खाकरत म्हणाले, "दीड तास. तो मला बाहेरून धीर देत होता, मी त्याला आतून भूमिती शिकवत होतो. शेवटी म्हणाला, सर, आता काटकोन राहू द्या, ब्रेक बघू द्या." मग जोडप्याच्या खालच्या घरात विचारलं, कालचं राहू दे, एरवी कधी आरडाओरडा? तिथली आजी म्हणाली, "कसला आरडाओरडा? भांडतात ते टीव्हीच्या रिमोटवरून, तेसुद्धा हसत."

बुधवारी मावशीने बायकोला एकटीला बसवलं, चहा मागवला.

"हे बघ, तुझा हात सहाला पिरगळला, हे खरं. तो सहाला लिफ्टवर होता, हेही खरं. म्हणजे घरात तिसराच कुणी शिरला. उंची सांग त्याची."

"तिसरा कुणी नव्हता हो ताई."

"घाबरू नकोस. घरी येतं कोण? भाऊ?"

"भाऊ गरीब आहे हो."

"मग समोरचा असेल. आजच उचलते त्याला. ए, जीप काढ रे."

"ताई, जीप नको. कुणीच नव्हतं. हात पण बरा आहे." आणि त्याच हाताने तिने कप उचलून दाखवला.

कुणीतरी तिला सांगितलं होतं की ठाण्यात तक्रार असली की दाखला अडतो. "दोन वर्षं, ताई. मी काय भिंतीशी बोलू?"

मावशी सहसा आवाज चढवत नाही. तेव्हा चढवला. "उद्या खरंच मार खाल्लेली बाई इथे आली, आणि तुझी आठवण काढून हा शिपाई परत हसला, तर?" बाई मान खाली घालून रडली. मावशीने तेही लिहून घेतलं. साहेबांना बायकोवरच खटला भरायचा होता. मावशी म्हणाली, अशांना कोठडी दाखवली तर खऱ्या तक्रारवाल्याही पायरी चढणार नाहीत. कडक समज लिहून घेऊन प्रकरण गुरुवारी बंद झालं. शुक्रवारी नवरा दाखला घेऊन गेला.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "आता बघ, तो विमानतळावर मुक्कामालाच जाईल."

"नाही जाणार. म्हणाला, ती एकदा तोंडाने 'नको जाऊस' म्हणाली असती तर मी फॉर्मच भरला नसता."

"मावशे, दाखला हातात पडेपर्यंत माणूस काहीही बोलतो."

"लावतेस पैज?"

लावली. मी हरले तर दोन महिने तिचे बूट पॉलिश करायचे.

सोमवारी दवाखान्याच्या इमारतीत 'लिफ्ट बंद' अशी पाटी होती आणि दारातून दोन पाय बाहेर आलेले. शेजारी पायरीवर बायको बसलेली, हातात बॅटरी.

"नीट धर की," पाय म्हणाले.

"हात दुखतोय माझा."

"हो, ठाण्यात लिहिलंय ते."

तेव्हापासून रोज सकाळी मी बूट घासतेय. काल मावशी म्हणाली, डावा तितकासा चमकत नाही. मी म्हटलं, चमकतोय. तिने मानलं.