अंड्यांचं लॉगबुक

पक्षी मीच आणले, हे आधी कबूल करतो. वडील स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि जुनवानीच्या आमच्या घरात त्यांना तपासायला काही उरलं नाही. उभी हयात कोक ओव्हनमध्ये, दगडी कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर, गेलेला माणूस. दिवसातून चार वेळा गॅसचा रेग्युलेटर हुंगायचे, पाण्याच्या टाकीत डोकवायचे, कुकर लावला की शिट्ट्या मोजत स्वयंपाकघराच्या दारात उभे. शेवटी बायको म्हणाली, "बाबाले काहीतरी काम द्या जी, नाही त मी चालली माहेरी." त्याच आठवड्यात मी पावर हाउस भागातल्या बाजारातून बंगाली फिंचची एक जोडी घेऊन आलो.

तपकिरी-पांढरे, मुठीत मावतील एवढे पक्षी. मागच्या व्हरांड्यात पिंजरा टांगला, आत झाकणाचा लाकडी डबा, डब्यात नारळाचा काथ्या. महिनाभरात अंडी आली. शेंगदाण्याएवढी, पांढरीशुभ्र. मी हरखून गेलो. नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये मी जीवशास्त्र शिकवतो, अंड्यातल्या गर्भाच्या आकृत्या फळ्यावर काढून काढून हात दुखले आहेत, पण जिवंत पिल्लू अंड्यातून बाहेर येताना कधी पाहिलं नव्हतं. ते मला पाहायचं होतं. एवढीच इच्छा होती आणि ती मुळीच अवघड नव्हती.

पण वडिलांनी त्या डब्याची ड्युटी लावून घेतली. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. प्लांटच्या शिफ्ट बदलतात त्याच वेळा. साबणाने हात धुवायचे, झाकण उचलायचं, टॉर्च मारायचा, मोजायचं, झाकण ठेवायचं आणि एका जुन्या वहीत नोंद करायची. त्या वहीवर त्यांनी ठळक अक्षरात 'लॉगबुक' लिहिलं होतं. संध्याकाळी मी दारात चपला काढतो न काढतो तोच चार्ज द्यायचे. "नॉर्मल हाय सारं. दोघंही बसून हायेत. कांगणीचा दाणा भरला, पाणी बदललं."

पहिल्यांदा मला हसू आलं. अंडी चौदा-पंधरा दिवसांत फुटायला हवी होती, वीस दिवस झाले तरी एकही फुटलं नाही, तेव्हा हसू पळालं. एक फोडून पाहिलं तर नुसता पिवळा बलक. मोबाइलवर वाचलं की घरट्यात सारखं डोकावलं तर फिंच अंडी सोडून देतात. झालं, गुन्हेगार सापडला. पक्षी अंड्यांवरून हलत नव्हते हे मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं, पण सुरुवातीलाच गार पडली असणार असं मी ठरवून टाकलं. ठरवून टाकायला मला फार वेळ लागत नाही.

अंड्यांच्या दुसऱ्या खेपेला मी त्यांना नीट समजावलं, सारखं पाहिलं तर पक्षी अंडी सोडून देतात. त्यांनी मान डोलावली आणि दुपारी दोनला पुन्हा टॉर्च घेऊन हजर.

"बाबा, कावून उघडता जी तुमी घडीघडी?"

"उघडून नाही राहिलो, पाहून राहिलो. पाहिल्याशिवाय कसं समजन?"

"हे ओव्हन नाही ना बाबा, घरटं हाय!"

"ओव्हन असो का घरटं, गरम पायजे ना? मंग पाहा लागते."

दुसरी खेपही वाया गेली. तिसऱ्या खेपेला मी डब्याच्या झाकणाला दोरी बांधली. कोचिंगमधून लवकर सुटून आलो तर दोरी सोडलेली, झाकण हातात, आणि वडील ओठ हलवत मोजताहेत. माझं डोकंच फिरलं. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडलो, "संपली ना तुमची ड्युटी? रिटायर झाले ना? मंग बसा ना चुपचाप एका जागी!"

त्यांनी झाकण जागेवर ठेवलं, टॉर्च विझवला, वही माझ्या हातात दिली. "घे मंग चार्ज," एवढंच बोलले आणि पुढच्या खोलीत जाऊन टीव्ही लावून बसले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी राग आला.

तिसरी खेपही गेली. मग रविवारी मी वही घेऊन पावर हाउसला गेलो. दुकानदाराला पुरावा दाखवायचा होता, म्हणजे तोही म्हणेल की म्हाताऱ्यामुळेच झालं. त्याने दाण्याच्या पोत्यावर वही ठेवून पानं उलटली आणि एका पानावर बोट टेकवलं. वडिलांचं ठसठशीत अक्षर: सकाळी ६ वाजता २ अंडी. दुसरे दिवशी ६ वाजता ४. तिसरे दिवशी ६ वाजता ६.

"सरजी, एक मादा दिन में एक ही अंडा देती है," तो म्हणाला. "यहाँ रोज दो बढ़ रहे हैं. आपके पास दोनों मादा हैं. इसमें नर-मादा एक जैसे दिखते हैं, बस नर गाता है. कभी गाना सुना?"

मी जीवशास्त्राचा मास्तर, पोत्यांमध्ये उभा राहून वही वाचत होतो. आठ अंडी झाल्यावरची नोंद होती: 'दोन्ही पक्षी गात नाहीत. मुलास सांगितले.' सांगितलं होतं खरंच. मी पेपर तपासत होतो आणि "बरं बरं" म्हणालो होतो. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

दुकानदाराने एक मादी बदलून नर दिला. घरी पिंजऱ्यात सोडल्यावर तासाभरात तो गळा फुगवून गायला लागला. मी वडिलांपाशी गेलो. "बाबा, तुमची चूक नव्हती जी. दोनही माद्याच होत्या." ते "हं" म्हणाले. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलून टीपॉयवर ठेवली. "तूच पाय आता."

वाटलं, राग आहे, उतरेल. सहा वाजले, दोन वाजले, ते जागचे हलले नाहीत. नवी अंडी आली तेव्हाही नाहीत. बायकोने एकदा मुद्दाम कुकर त्यांच्यासमोरून नेला, तरी शिट्ट्या मोजायला उठले नाहीत.

पंधराव्या दिवशी डब्यातून बारीक चिवचिव आली. झाकण उचललं तर गुलाबी, उघडीबोडकी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं. मी धावतच पुढच्या खोलीत गेलो.

"बाबा, निघाले पिल्ले! चला ना पाहाले."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "किती?"

"चार. चला ना जी."

ते खुर्चीतून अर्धे उठले, दोन्ही हातांकडे पाहिलं आणि परत बसले.

"नको बापा. मी पाहिलं आन् त्यायनं सोडून देल्लं त?"