चाच्याच्या मनगटावरचं घड्याळ

माझा नवरा सत्यजित लोकांच्या चुका सुधारल्याशिवाय जेवत नाही. मूळचा पुण्याचा, हे वेगळं सांगायला नको. कुणाकडे गेला की आधी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करतो, मग नमस्कार! अशा माणसाला अमेरिकेत, हॉलिवूडशेजारच्या बरबँकमध्ये नोकरी मिळाली ती जुने सिनेमे साफ करायची. फिल्मवरचे ओरखडे, धूळ, डाग कॉम्प्युटरवर एकेक फ्रेम घेऊन पुसायचे. वीस वर्षं तो सुखात आहे, आणि त्यामुळे मीही.

या कामाचा नियम एकच. काळाने केलेली घाण पुसायची, माणसांनी तेव्हा केलेली चूक तशीच ठेवायची.

यंदा त्याच्याकडे समुद्री चाच्यांचा एक जुना सिनेमा आला. स्टुडिओतल्या हौदात लाटा, लाकडी फळ्यांचं जहाज, दोरांना लोंबकळणारे चाचे. रोज जेवताना या गमती ऐकून हसून हसून माझं पोट दुखायचं. मग एक दिवस त्याला डाव्या कोपऱ्यातला एक चाचा दिसला. जहाज धडाडून पेटलंय, ह्याच्या दातांत सुरा, आणि हा बाबा मनगट वर करून घड्याळ बघतोय! सतराव्या शतकात!

सत्यजितला राहवेना. नियम धाब्यावर बसवून त्याने नऊ सेकंदांतलं ते घड्याळ पुसून टाकलं. आता चाचा नुसतंच मनगट न्याहाळत होता. "नीला, बघ, कसा स्वच्छ दिसतोय!" मला फोटो दाखवून म्हणाला. मीही मूर्खासारखं कौतुक केलं.

सिनेमा शनिवारी थिएटरात लागणार होता. गुरुवारी लॅबमध्ये फोन आला, तो नेमका यानेच उचलला. मार्जरी नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची आजी विचारत होती, पडद्याची डावी बाजू नीट दिसेल अशी खुर्ची कुठली? तिचे वडील त्या सिनेमात एक्स्ट्रा होते. शूटिंगच्या दिवशीच आई हॉस्पिटलात, बाळ कुठल्याही क्षणी येणार. चारला सुट्टी मिळणार म्हणून बापाने घड्याळ काही काढलं नाही. जहाज एकदाच जळणार होतं, त्यामुळे रीटेक नाही. बाळ म्हणजे मार्जरी. ती तीन वर्षांची असताना वडील गेले. हा किस्सा आईकडून ऐकलेला, पण सिनेमा तिला कधी बघायलाच मिळाला नव्हता.

 सत्यजित तडक साहेबिणीकडे गेला आणि सगळं कबूल केलं. साहेबीण रुही न्यू जर्सीत जन्मलेली, वयाने निम्मी, पण आईने बजावलंय म्हणून त्याला काका म्हणते.

"काका, यू डिलीटेड हिज वॉच? सीरियसली?"

"चूक दिसली, हात शिवशिवले."

"फ्रायडे फाइव्हपर्यंत नवी फाइल द्या. नाहीतर ती घड्याळ पुसलेलीच लागेल."

फिल्मचा मूळ स्कॅन होता, पण ते नऊ सेकंद पुन्हा साफ करायचे होते, तेही हाताने. घड्याळाची चकाकी म्हणजे धूळ समजून सॉफ्टवेअर ती आपोआप पुसत होतं. दोन दिवस त्याचा डबा न उघडता परत आला. शुक्रवारी पाचला दहा कमी असताना फाइल गेली. मग मला फोन करून त्याने जेवायला काय आहे ते विचारलं.

शनिवारी दुपारी थिएटरात निम्मे लोक डोळ्यावर काळी पट्टी बांधून, कमरेला तलवारी लावून आलेले. मार्जरी आजी पहिल्या रांगेत, डावीकडे. जहाज पेटलं. चाच्याने सुरा दातांत धरला आणि घड्याळ बघितलं. चकाकतं, स्पष्ट. थिएटर हसून कोसळलं.

"मिस्टेक!" आमच्या मागचा माणूस बायकोला म्हणाला.

सत्यजित अख्खा मागे वळला. "नो मिस्टेक, सर!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ही इज हॅविंग अ बेबी!"

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेत मार्जरी आजी काठी न घेता उभी राहिली आणि पडद्याकडे हात हलवत ओरडली, "डॅडी, आय ॲम ऑन माय वे!"