आप्पांचं चकोट डोकं

माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उभा जन्म आष्टी तालुक्यातल्या माळावर शेळ्या-मेंढ्यांमागं काढला. लांडग्याला कधी भ्याले नाहीत, पण चहाच्या कपाला भ्यायचे. दोन्ही हात हलायचे, उजवा तर असा थरथरायचा की कप ओठापर्यंत जाईतो निम्मा चहा धोतरावर. दूध काढणं सुटलं, लग्नाकार्याला जाणं सुटलं, शेवटी पारावर बसणंही सुटलं. आमच्या गावात म्हाताऱ्याचा हात हलला की कारण एकच, दारू. आप्पांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता, आणि हे म्हणणारे सगळे रोजचे घेणारे होते.

बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतल्या एका एवढ्याशा जागेमुळं हात हलतो. आता कवटी न उघडता, बाहेरून अल्ट्रासाऊंडच्या लहरी नेमक्या तिथं एकवटून ती जागा जाळता येते. हे मी माझ्या मेव्हण्याला सांगायची चूक केली. "आवाजानं हात थांबतो व्हय? मंग लग्नातल्या डीजेम्होरं हुबं करा की त्यांना, फुकटात हुईल!" आप्पांनी त्याच दिवशी मला बजावलं, "गावात कुनाला बोलू नकू."

दूरच्या शहरातल्या दवाखान्यात आधी वस्तऱ्यानं डोकं चकोट केलं, कारण मध्ये केस असले की लहरींना अडथळा होतो. मग डोक्याला स्क्रूंनी चौकट आवळली, गार पाण्याची टोपी चढवली आणि एमआरआयच्या नळीत सरकवलं. आप्पा जागेच होते. डॉक्टर मधूनमधून त्यांना कागदावर गोल गोल रेघ ओढायला लावायचे. पहिली रेघ कागदाबाहेर गेली. शेवटची सुरेख गोल आली. तो कागद आप्पांनी घडी घालून खिशात ठेवला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं ते पहिलंच प्रगतिपुस्तक होतं. डाव्या हाताचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

स्क्रूच्या जागा दुखत होत्या, म्हणून परत येताना पटका बांधला नाही. फाट्यावर एसटीतून उतरलो आणि गावानं ते डोकं पाहिलं. आई-बाप तर कधीच गेलेले, म्हणजे दिंद्रुडला राहणारा थोरला भाऊ गेला, असं परस्पर ठरलं. दुःखाला डोक्याबरोबर मिशीही काढतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आप्पांची मिशी चांगली भरघोस, जागच्या जागी होती. पण एवढं कोण बघतं! विचारलंही कुणी नाही. माझ्या लग्नात चुलते न जेवता निघून गेले तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं, त्यामुळं विषय काढायची चोरी.

संध्याकाळी ओसरी भरली. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. आप्पांना वाटलं, कुठून तरी फुटलं आणि लोक हात बघायला आले. त्यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत कप भरून चहा घेतला, थेंब सांडला नाही, आणि मिशीवरून हात फिरवत दुसरा मागितला. "भाऊ गेला आन ह्येला चहा ग्वाड लागाय लागला," असं कुणीतरी पुटपुटलं, हे मला नंतर कळलं.

आमच्या गावचे एक पुढारी मेलेल्यांच्या बाबतीत फार तत्पर आहेत. जिवंतांची कामं तेवढी राहून जातात. दुसऱ्या दिवशी उजाडताच फाट्यावर फ्लेक्स लागला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चुलत्यांचा फोटो माझ्या लग्नातला, फेट्यासकट. पुढाऱ्यांचा त्याच्या तिप्पट मोठा, हसतमुख. आम्हाला पत्ता लागायच्या आत फ्लेक्स मोबाइलवरून दिंद्रुडला पोचला आणि दुपारी खुद्द चुलते त्याच्याच खाली एसटीतून उतरले.

दारातूनच ओरडले, "मी जिता हाय की बे! डोकं कावून काढलंस? लई घाई झालती का?"

आप्पांवर रोखलेलं त्यांचं बोट थरथरत होतं. मला वाटलं, रागानं. आप्पांनी सगळं सांगितलं, घडीचा कागद उलगडून दाखवला. चुलते हळूहळू निवले, खाटेवर टेकले. राग उतरला, पण हात काही थांबेना.

आप्पांनी माझ्या आधी ओळखलं. त्यांनी भावाचा तो हात आपल्या उजव्या हातात गच्च धरला. माझ्या लग्नात हा माणूस भरल्या ताटावरून का उठला, ते तेव्हा कळलं. इतकी वर्षं आम्ही तो मानपानाचा राग समजलो होतो आणि वर आपणच फुगून बसलो होतो. घरात एवढे शहाणे असताना मी गावाला कोणत्या तोंडानं हसणार?

चुलत्यांनी आप्पांच्या चकोट डोक्यावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "डोकं काढावंच लागतं का?"

"लागतं, दादा."

"मंग लोक म्हनतेल, तू गेलास."

"म्हनू दे की," आप्पा म्हणाले. "मी येतो संगट. परत येताना तुज्या शेजारीच बसंन."