वाचनालयातला नोड आणि बदललेले पान

सेवेतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळतात. कोणते कुठल्या ठाण्यातले, हे टिपणवही उघडल्याशिवाय मला सांगता येत नाही. या एका प्रकरणासाठी मात्र वही लागत नाही, कारण त्यातली सगळ्यांत मोठी चूक माझ्या हातून झाली होती.

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या थोरलीने सांगितले की ती आपल्या खोलीत एका छोट्या बोर्डावर ब्लॉकचेनचा नोड चालवते. मग "जाऊ दे आजी, सांगत बसले तर तास जाईल," म्हणून तिने विषय बदलला. त्यासाठी हे लिहून पाठवते आहे. नोड म्हणजे काय हे मी पोलीस ठाण्यात शिकले, तेही एका नोडची वायर उपटल्यानंतर. यात मी कुणाचे नाव देणार नाही, जिथे हे घडले त्या गावाचेही नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधला भीमेकाठचा भाग, एवढे पुरे.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी मुद्देमालाची खोली तपासत होते. तेवढ्यात एका गावच्या बौद्ध वस्तीतली सात-आठ माणसे फिर्याद द्यायला आली. गावठाणातली सहा गुंठे जागा वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासिकेसाठी द्यायची, असा ठराव ग्रामसभेत सगळ्यांसमक्ष हात वर करून झाला होता. चार महिन्यांनी नक्कल मागितली, तेव्हा इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये तीच जागा गोदामासाठी दिल्याचे निघाले. पान बदलले आहे, असे वस्तीचे म्हणणे. ठराव पहिल्यापासून हाच आहे, लोकांना नीट ऐकू आले नसेल, असे पंचायतीचे म्हणणे.

रजिस्टर ताब्यात घेऊन पाहिले. पानाचा क्रमांक बरोबर, सह्या-शिक्के बरोबर. शिवणीजवळ डिंकाचा किंचित चकाकणारा पट्टा होता, पण जुन्या रजिस्टरांना डिंक कुठे नसतो? मूळ पानावर काय होते हे सांगायला फक्त तोंडे होती, आणि तोंडे दोन्ही बाजूंना होती.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा खबऱ्या तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी विकायचा आणि कान उघडे ठेवायचा. त्याच्या सांगण्यानुसार पंचायतीच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे असते, तेव्हा पान त्यानेच बदलले. शिवाय पंचायतीच्या माडीवर वाचनालय आहे. तिथे पुस्तकांच्या कपाटामागे एक मशीन दिवसरात्र चालू असते, दिवा लुकलुकतो आणि शिपाई कुणाला हात लावू देत नाही. "कागदं तिथनंच फिरवत्यात मॅडम," तो म्हणाला.

शिपाई पन्नाशी ओलांडलेला. गाव त्याला मामा म्हणे. तो त्याच वस्तीतला होता. आपल्याच माणसांची जागा त्याने विकली, ही गोष्ट ऐकायला इतकी चटकदार होती की तेवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

मी जीप घेऊन गेले. कपाटामागे खरोखरच पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी होती. प्लास्टिकच्या खोक्यात हिरवा बोर्ड, इंटरनेटची तार, जवळ एक लहान बॅटरी. मामा मध्ये येऊन उभे राहिले. "मॅडम, बंद नका करू. येवढं माझं ऐका," म्हणाले. मी आयुष्यभर जे करत आले तेच केले. बॅटरीतून डबीत जाणारी वायर ओढली, पंचनामा केला, डबी पाकिटात घालून लाखेचे सील मारले आणि मामांना जीपमध्ये बसवले. वस्तीतल्या बायका ओट्यांवरून बघत होत्या.

दोन दिवस आम्ही त्यांना सकाळी बोलावून संध्याकाळी सोडत होतो. मशीन कुणाची? ठाऊक न्हाई. कपाटाची किल्ली कुणाकडे? माझ्याकडं. मग पान कुणी बदलले? ठाऊक न्हाई. ते काहीतरी लपवत होते हे उघड होते. लपवणारा माणूस उत्तर देण्याआधी पाणी मागतो, हा माझा अनुभव. मामांनी आमचा माठ दोन दिवसांत निम्मा केला. हवालदार म्हणाले, "मॅडम, ह्यांच्या नावानं आता पाणीपट्टी काढावी लागंल."

तिसऱ्या दिवशी दौंडहून एक बाई आपण होऊन आली. तिशीची, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी, त्या वस्तीची माहेरवाशीण. मशीन माझी आहे, असे तिने टेबलासमोर उभ्यानेच सांगितले. मी बसायला सांगितले, तर मामांना का बसवून ठेवले आहे, ते आधी विचारले.

मग तिने समजावले. तिने आणि तिच्या ओळखीच्यांनी चार ठिकाणी असे छोटे कॉम्प्युटर, तिच्या भाषेत नोड, बसवले होते: वाचनालयात, दौंडला तिच्या घरी, केंदूरला एका पिठाच्या गिरणीत आणि तळेगावला एका झेरॉक्सच्या दुकानात. चारही डब्या एकच वही राखत. एकीत नोंद झाली की बाकीच्या ती तपासून आपल्याकडे उतरवून घेत. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण असते. मधली एखादी मागाहून बदलली, तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि इतर डब्या ती वही नाकारतात. ग्रामसभा झाली की ठरावाच्या पानाचा फोटो काढायचा आणि त्या फोटोचा ठसा वहीत टाकायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. ठसा म्हणजे चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ. फोटोतला एक ठिपका जरी बदलला, तरी ओळ पार वेगळी येते. हे ऐकताना मी खुर्ची पुढे ओढली. ठशांवर माझा विश्वास जुना होता.

"म्हणजे त्या पानाचा ठसा या डबीत आहे?" मी विचारले.

"होता. तुम्ही वायर उपटलीत, मॅडम. आत लिहिणं चालू असताना उपटली की कार्ड जातं. लाईट गेली तरी चालू राहावी म्हणून तर बॅटरी लावली होती."

सायबर शाखेच्या माणसाने पंचांसमक्ष सील तोडून पाहिले. कार्ड गेलेच होते. हवालदार खिडकीबाहेर बघत राहिले. चूक माझी, असे मी पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगितले. बाई मात्र ती चूक उगाळत बसली नाही. म्हणाली, "तीन अजून चालू आहेत. एक कधी ना कधी जाणार, हे धरूनच चार बसवल्या."

तिन्ही ठिकाणी नोंद सापडली. वेळ ग्रामसभेच्याच संध्याकाळची, ठसा एकच. पण बोटाच्या ठशावरून जसा चेहरा काढता येत नाही, तसा या ठशावरून फोटो काढता येत नाही. फोटो हवा. तो त्या संध्याकाळी बाईनेच वस्तीच्या मोबाईल ग्रुपवर टाकला होता; चार महिन्यांच्या संदेशांखाली दबलेला तो फिर्याद देताना कुणाला आठवला नव्हता. आता शोधून काढला, आणि त्यात अभ्यासिकेचा ठराव स्वच्छ वाचता येत होता. बाईने त्याचा ठसा काढला. तो जुळला नाही.

ज्याला गोदाम हवे होते तो गावातला वजनदार माणूस एव्हाना रोज आमच्याकडे चहाला येऊ लागला होता. त्याच्या कानावर ते गेलेच. "फोटूचं काय मॅडम, हल्ली कुणीबी बनवतंय," तो म्हणाला. "माझा इमान चालवतानाचा फोटू हाय, दावू का?" न जुळलेला ठसा त्याच्याच बाजूने बोलत होता.

बाईने न जुळण्याचे कारण सांगितले. ग्रुपवर टाकला की फोटो हलका होऊन जातो. डोळ्यांना तोच दिसतो, आतून बदललेला असतो. ग्रामसभेच्या संध्याकाळी तिने ठसा काढला होता तो फोटो काढणारा मोबाईलच केबलने डबीला जोडून. मूळ फोटो त्या मोबाईलमध्येच मिळेल. मोबाईल कुणाचा, असे मी विचारले. "मी शब्द दिलाय मॅडम," एवढेच म्हणाली आणि बाहेर बाकावर बसलेल्या मामांकडे पाहिले.

मी मामांना पुन्हा आत बोलावले नाही. घरी पाठवले आणि दुपारी गणवेश बदलून, एका महिला शिपायाला घेऊन, चालत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने पाणी दिले, पण बोलल्याशिवाय तिला राहवले नाही. "चार-पाच दिस झालं, दुकानात कुनी बोलंना आमच्यासंगं. सख्ख्या जावंनं दार लावून घेतलं. परक्यानं केलं असतं तर येवढं लागलं नसतं, मॅडम. ह्यांनी वस्ती इकली म्हणत्यात."

मामा खाली मान घालून बसले होते. पान कुणी बदलले हा प्रश्न मी विचारलाच नाही. म्हणाले, "मामा, तुम्हाला भीती कशाची वाटते तेवढं सांगा."

त्यांनी बायकोला दार लोटायला सांगितले.

"फोटू म्या काढलाय," ते म्हणाले. "ताईला दौंडवरनं यायला उशीर व्हनार व्हता. कपाटाला कुलूप घालायच्या आत म्या पान उघडून फोटू काढला. मागनं लिपिक म्हनला, दप्तराचा फोटू काढंल त्यो घरी जाईल. दोन वर्सं ऱ्हायलीत माझी. फंड गेला तर?"

"ग्रामसभेचं इतिवृत्त गावातल्या कुणालाही बघता येतं. त्याचा फोटो काढणं हा गुन्हा नाही, मामा."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांची थट्टा करते आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते.

मोबाईल कुठे आहे? पोलीस येणार असे कळल्यावर दौंडला दिलेल्या लेकीकडे ठेवला होता. फोटो पुसला नाही ना? मामा म्हणाले, "पुसायचा कसा, त्ये येत न्हाई मला."

त्याच पावली दौंड गाठले. लेकीने ज्वारीच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेला मोबाईल काढला, पण माझ्या हातात दिला नाही. बापाच्या हातात दिला आणि त्यांनी मान हलवल्यावरच सोडला. तो बंद होता. हवालदार चालू करायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. या वेळी मी कशालाही हात लावणार नव्हते. बंद मोबाईल तसाच पाकिटात गेला आणि सायबर शाखेच्या माणसानेच पंचांसमोर उघडला.

फोटो होता. त्याचा ठसा काढून कागदावर घेतला, शेजारी तिन्ही डब्यांतली ओळ ठेवली. पंचांपैकी एक केंदूरचे निवृत्त पोस्टमास्तर होते, आप्पा. त्यांनी पट्टी लावून एकेक अक्षर वाचायला सुरुवात केली, हवालदार दुसऱ्या कागदावर खूण करत गेले. अर्ध्यावर आप्पा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मामा भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. त्या ओळीतले एकही अक्षर त्यांना कळत नव्हते, आणि त्यांची वस्तीतली उरलेली सगळी वर्षे त्या ओळीवर होती. चौसष्टावे अक्षर झाल्यावर आप्पांनी पट्टी उचलली आणि म्हणाले, "सगळी जुळली. लिहा."

ठशाने एवढेच सिद्ध झाले की ग्रामसभेच्या संध्याकाळी पान वेगळे होते. ते बदलले कुणी, हे ठसा सांगत नाही. मी पंचायतीच्या लिपिकाला बोलावले. कारकून माणूस वरून सांगितले तर पान बदलतो, पण मूळ पान फाडून टाकत नाही, हे मी बऱ्याच कार्यालयांत पाहिले होते. कागद जपण्याची सवय त्याच्या हातात मुरलेली असते. मी त्याच्यासमोर फोटो ठेवला. त्यात त्याचेच अक्षर होते. बदलले का, असे मी विचारलेच नाही.

"मूळ पान कुठं ठेवलंय?"

त्याने फोटो उलटा करून ठेवला. "घरी," म्हणाला. "जुन्या घरपट्टीच्या फायलीत." मग वजनदार माणसाचे नाव सांगायला त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

पान पंचनाम्याने जप्त केले. त्याची कड रजिस्टरच्या शिवणीत उरलेल्या तुकड्याशी बिनचूक बसली. वजनदार माणूस चहाला यायचा बंद झाला, पुढच्या वेळी वकील घेऊन आला. दोघांवर दोषारोपपत्र गेले, आणि जागा अभ्यासिकेलाच राहिली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते तुम्हाला सरळ सांगते. गुन्हा लपवणारा आणि भीती लपवणारा, दोघेही सारखेच पाणी पितात. इतक्या वर्षांत मी किती जणांना फक्त 'कुणी केले' एवढेच विचारले असेल आणि 'भीती कशाची' हे नाही, याचा हिशेब आता लागायचा नाही. दुसरे म्हणजे, जपायची वस्तू एकच असते आणि ती माझ्या सीलखाली सुरक्षित असते, असे मी मानत आले होते. त्या बाईचा कारभार उलटा होता. तिची वही टिकली, कारण ती कुणा एकाच्या कुलुपात नव्हती.

काही दिवसांनी मामा ठाण्यात आले. बसले नाहीत. त्यांना एकच गोष्ट हवी होती: लेखी. तोंडी सांगून वस्तीत कुणी मानत नव्हते. मी ठाण्याच्या कागदावर, जावक क्रमांक घालून, लिहून दिले की सदर गुन्ह्यात हे आरोपी अगर संशयित नसून साक्षीदार आहेत, आणि त्यांनी काढलेल्या छायाचित्रामुळेच गुन्हा उघडकीस आला. सही केली, गोल शिक्का मारला. त्यांनी दोनदा वाचले. रविवारी विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे, म्हणाले.

त्यांचा मोबाईल मुद्देमालात जमा होता; मग खिशातून बायकोचा काढून तसेच उभे राहिले.

"मॅडम, ह्याचा फोटू काढू का? ताईला सांगून मशिनीत टाकतो."

"काढा," मी म्हणाले.

त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवले, चारही कोपरे हाताने सपाट केले आणि सगळ्या ठाण्याच्या देखत, अजिबात घाई न करता, फोटो काढला.