आप्पा मास्तरांचा परार्ध

आप्पा मास्तरांसमोर ‘लांब’ हा शब्द काढायची चोरी होती. बेळगावच्या शाळेत रुजू झालो त्याच दिवशी मी त्यांना सहज म्हणालो, “खासबागेत खोली घेतलीय. शाळेपासून फार लांब पडणार नाही ना?” छडी बगलेत धरून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपल्या तोंडून काही अर्वाच्य गेलं की काय, असं मला वाटलं.

“देसाई, ‘फार’ हे काय माप हाय व्हय? आनि ‘लई’? ‘लांब’? खासबाग हितनं दोन जलधी. अणूच्या मापानं.”

मी इतिहासाचा माणूस. कोटीच्या पुढे माझी मजल कधी गेली नव्हती. मी “बरं” म्हणालो आणि मुकाट खासबागेची वाट धरली.

आप्पा खानापूरकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचे. त्यांच्या घरात शाईची दौत पहिल्यांदा आली ती यांच्याबरोबर. पुण्याला राहून, वार लावून जेवून, ते शिकले आणि परत येऊन पदार्थविज्ञान आणि गणित शिकवू लागले. कोट, काळी टोपी, गुडघ्याच्या जरा खाली येणारं धोतर. वर्गात शुद्ध बोलायला सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला गावावर येत.

त्यांचा एक तास असा होता, की त्या दिवशी दुसऱ्या वर्गांची पोरं खिडक्यांना लोंबकळत. अणू आणि सूर्य एकाच गजाने मोजायचा तास. आप्पा म्हणत, “आकाश मोजनारी मानसं सूर्यापतुरचं अंतर हेच एक माप धरत्यात आनि त्येनं ग्रह मोजत्यात. अणू मोजनारी सेंटिमीटरचं धा कोटी तुकडं करून त्यातला एक धरत्यात, त्येला अँगस्ट्रॉम म्हनत्यात. ही दोन्ही घरानी एकमेकाला वळखत न्हाईत. त्येंची सोयरीक कोन जुळवनार? आपुन!”

मग वर्ग एकसुरात म्हणू लागे, एकं, दहं, शतं, सहस्र. एकं म्हणजे अणूएवढं अंतर, आणि पुढचं प्रत्येक नाव मागच्याच्या दसपट. कोटीला आप्पा चिमटीत मोहरीचा दाणा धरत, दशकोटीला करंगळीचं नख दाखवत, अब्जाला मूठ वळत, खर्वाला हातातली छडी आडवी धरत. तिथून वरात वर्गाबाहेर पडे. महापद्म म्हणजे शाळेच्या विहिरीची खोली, शंकू म्हणजे मैदानाची लांबी, जलधी म्हणजे माझ्या खासबागेची अर्धी वाट, असं करत मध्याला कोल्हापूर येई आणि परार्धाला मुंबईही मागे पडे. “आनि सूर्य?” आप्पा छडी वर करून विचारत. “दीड लाख परार्ध!” पोरं अशी ओरडत, की हेडमास्तर खोलीचं दार लावून घेत.

“शून्याला किंमत न्हाय म्हननाऱ्यानं एक शून्य गाळून दाखवावं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांचा शब्द शाळेबाहेरही चाले. बांधाच्या भांडणातले भाऊभाऊ टिळकवाडीच्या वकिलाकडे जायच्या आधी आप्पांकडे येत, आणि आप्पांनी मोजणीची साखळी टाकून खूण केली की तिथेच दगड पुरत. “आप्पांचं चुकत न्हाय,” असं बाजारात लोक म्हणत. आप्पांच्या कानावर ते गेलं की ते टोपी नीट करत. मोठेपणा त्यांना आवडे, हे कशाला लपवू?

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणजे भरमू. निपाणीच्या पलीकडल्या गावचा, बाप नसलेला, मामाच्या आधाराने शिकणारा. आप्पांच्या घरीच राही आणि आप्पांच्या बायकोला, आक्कांना, पाणी भरू लागे. मॅट्रिकनंतर पुण्याच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी तोंडी परीक्षा होती. आप्पांनी त्याला स्वतः गाडीत बसवलं. ती मिळाली तर शिकायचं, नाही मिळाली तर मामाच्या हाताखाली निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, असा सरळ हिशेब होता. भरमूला ती मिळाली नाही. तो परत आला तो थेट निपाणीला उतरला. बेळगावला आलाच नाही.

आप्पांना ते लागलं. “हरला ते हरला, तोंड दाखवाया तरी यावं का नगं?” ते चारचौघांत म्हणत. “भित्रं निघालं पोरगं.” पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, प्रत्येक नव्या वर्गाला ते भरमूचा दाखला देत. हुशारी असून भागत नाही, छाती लागते, वगैरे.

अशीच काही वर्षं गेली आणि शाळेत संस्कृतला एक नवे शास्त्री आले. वयाने लहान, बोलायला मऊ. आप्पांचा तो तास चालू असताना ते शेजारच्या वर्गात होते. भिंतीपलीकडून घोष ऐकला आणि ते आप्पांच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. दरवर्षी बसत असे.

“क्षमा असावी,” शास्त्री म्हणाले, “निखर्व राहिला.”

“काय ऱ्हायला?”

“खर्वानंतर निखर्व. मग महापद्म.”

आप्पा हसले. “शास्त्रीबुवा, ही संख्या आमच्या गावात म्हातारी मानसं झोपंत म्हनत्यात.”

शास्त्र्यांनी वाद घातला नाही. हात जोडल्यासारखे करून त्यांनी अठरा नावं सावकाश म्हटली. आप्पा बोटांच्या पेरांवर मोजत होते. मोजून झालं, पुन्हा आपली नावं मोजली. सतराच भरली. आप्पांनी छडी टेबलावर ठेवली.

“पोरांनो,” ते म्हणाले, “मी चुकलो. परार्धावर सतरा शून्यं. सूर्य दीड लाख न्हवं, पंधरा हजार परार्ध. मी धापट सांगत आलो.”

चूक कुठे झाली ते त्यांना तिथल्या तिथे उमगलं. गावच्या देवळात पंतोजी छडीच्या ठेक्यावर ही नावं म्हणवून घेत. खर्वाला श्वास संपे, नवा श्वास घेतला की महापद्म. मधलं एक नाव त्या श्वासात कधीतरी गळालं. त्या गावात पिढ्यान् पिढ्या निखर्वाशिवाय नांदल्या आणि कुणाचं काही अडलं नाही; ज्याच्या खळ्यावर लाख दाणेही कुणी मोजत नाही, त्याला निखर्व घेऊन काय करायचंय? आप्पा पुण्याला शिकले ते इंग्रजी आकड्यांत, दहाच्या घातांत. ते सगळं बरोबर होतं. मराठी नावांत सांगायची हौस आली तेव्हा मात्र त्यांनी पंतोजींवर विश्वास टाकला. मोहरी, मूठ, विहीर, मैदान, सगळं जागच्या जागी होतं. खर्वाच्या पुढची नावं तेवढी एकेक पायरी घसरली होती.

मधल्या सुट्टीत हेडमास्तर म्हणाले, “अंतर तर बरोबर होतं ना? नावातच चूक. वर्गापुढं कबूल कशाला करायचं? मुलांचा विश्वास उडतो.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. आप्पा काहीच ऐकत नव्हते. चहाचा कप तसाच ठेवून ते एकदम म्हणाले, “भरमू.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीने निपाणीला निघालो. “देसाई, तुम्ही संगं चला. माझी छाती व्हत न्हाय,” असं ते म्हणाले. छातीवरून पोराला नावं ठेवणारा माणूस हे बोलला, आणि मी खाली बघितलं.

वखारीत तंबाखूचा खकाणा इतका उडत होता, की आप्पांना शिंकांवर शिंका आल्या. बायका पदर नाकाला लावून पानं निवडत बसल्या होत्या. भरमू तिथे मापाडी होता. काट्यापाशी उभा राहून वजनं पुकारत होता. आप्पांना बघितलं आणि हातातलं वजन त्याने हळूच खाली ठेवलं.

“मास्तर! तुम्ही हिकडं कसं? बसा की. च्या सांगतो.”

“च्या ऱ्हाऊ दे. पुन्याला तुला काय इचारलं रं?”

“लई दिस झालं मास्तर. आता काय आठवत न्हाय.”

“तुला आठवत न्हाय? तुला? भरमू, परार्धावर शून्यं किती सांगितलीस?”

भरमूने काट्याचं हलणारं पारडं हाताने थांबवलं. मग म्हणाला, “सोळा.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. परीक्षकांनी तुला काय आवडतं म्हणून विचारलं होतं. याने अणूपासून सूर्यापर्यंतची सगळी वरात त्यांच्या टेबलावर काढली. ते खूश झाले. त्यातले एक म्हणाले, फक्त परार्धावर सतरा शून्यं असतात बाळ, मोजून बघ. याने मोजून बघितलं, सोळाच भरली. “आमच्या आप्पा मास्तरांचं चुकत न्हाय,” असं याने सांगितलं. मग आमचं चुकतं का, असं त्यांनी हसून विचारलं. “तुमचं चुकत असंल,” हा म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिथे हसणं थांबलं. बाहेर आल्यावर याने दुसऱ्या एका मुलाकडून ती नावं म्हणवून घेतली, आणि त्यात निखर्व निघाला.

आप्पा उठले आणि वाकले. भरमूच्या पायाला त्यांचा हात लागणार एवढ्यात तो किंचाळल्यासारखा मागे सरला. “मास्तर, आसलं करू नगासा! मला पाप लागंल!” बायकांची पानं निवडायची थांबली. मला कुठे बघावं ते कळेना.

“मला येऊन का सांगितलं न्हाईस?” आप्पांनी विचारलं.

“कसं सांगायचं? कंच्या तोंडानं? जागा गेल्याचं मला काय वाटत न्हाय मास्तर. तुम्हास्नी कळलं, त्येचीच लाज वाटती. कळू नये म्हनून तर आलो न्हाई.”

मला वाटलं, आता आप्पा त्याला जवळ घेतील. आप्पांचा चेहरा लाल झाला होता.

“माझी अब्रू झाकलीस व्हय? आनि तुझ्या मागनं आलेली पोरं? त्येंच्या डोस्क्यात मी त्योच खड्डा पाडत ऱ्हायलो की रं! वर तुलाच भित्रा म्हनत ऱ्हायलो. मला मान दिलास भरमू. खरं न्हाय दिलंस.”

भरमू रडू लागला. आप्पाही. थोड्या वेळाने आप्पा त्याचा हात धरून म्हणाले, “आता एक कर. मी चुकलो ह्ये जितं माझं नाव निघंल तितं सांग. माझ्या तोंडावर सांग. मी नसलो तरी सांग.” भरमूने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुन्हा कॉलेजात जायचं वय आणि परिस्थिती दोन्ही गेली होती. पदरी बायको होती, मामा थकला होता. आप्पांनी ते विचारलं, आणि भरमू नुसता हसला.

त्यानंतर आप्पा तो तास घेत, पण सुरुवात अशी करत, “ह्यात माझी एक चूक झालती आनि तिची किंमत एका पोरानं भरली.” हेडमास्तरांना ते अजिबात पसंत नव्हतं. बांधावर साखळी टाकायला आप्पा जाईनासे झाले. आग्रह झालाच तर “दुसऱ्या कुनाकडनंबी मोजून घ्या” म्हणत, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटे! गावाने एकदा माणसाला न चुकणारा ठरवला की तो सुटत नाही. आप्पा गळा फोडून सांगत होते आणि आम्ही कौतुकाने हसत होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती आप्पांची वाटत नाही.

स्वातंत्र्य येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. शाळेच्या मोठ्या दालनात शोकसभा भरली. भिंतीकडेला आक्का डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. हेडमास्तरांनी ठराव वाचला. त्यात एक वाक्य होतं, ‘ज्यांच्या अध्यापनात उभ्या हयातीत एकही चूक घडली नाही.’

मागून कुणीतरी उठलं. भरमू होता. कोटावर प्रवासाची धूळ तशीच होती.

“ते वाक्य काढा,” तो म्हणाला. “आप्पांचं चुकलंतं. माझ्यासंगं चुकलंतं. त्येनी मला ह्ये सांगाया लावलंतं, मी इतकी वरसं सांगितलं न्हाय.”

दालनात एकच गिल्ला झाला. “बसा खाली!” “मेलेल्या माणसाचं काढता?” “हाच का तो, नापास झालेला?” भरमूची मान खाली गेली, पण तो बसला नाही. मी आक्कांकडे बघितलं. त्या पदर बाजूला करून भरमूकडे बघत होत्या आणि हळूहळू मान डोलवत होत्या.

“शांतता राखा,” हेडमास्तर म्हणाले. “ठराव मंजूर?”

“मंजूर!” सगळे म्हणाले.

“न्हाय,” भरमू म्हणाला.

मी उभा राहिलो आणि “नाही” म्हणालो. आवाज भरमूएवढा मोठा निघाला नाही, पण पहिल्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण दोघेतिघे वळून बघू लागले.

हेडमास्तरांनी आम्हा दोघांकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि जाहीर केलं, “ठराव एकमताने मंजूर.”